कार्यशाळा घेणाऱ्यांचीही गोष्ट वाचली गेली पाहिजे

प्रश्न : आम्ही तिघं मिळून सोलापुरात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कार्यशाळा घेतो. एक आमचे सर. पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, मी त्यांची विद्यार्थिनी. दुसरा आमचा मित्र, तो चादरीच्या कारखान्यात संगणकावर डिझाइन करतो. तिसरी मी, शाळेत शिकवते. वाचनालयाची वरची खोली मिळवणं, गोष्टी गोळा करणं, झेरॉक्स, सगळ्यांना आठवण करणं, चहा, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांची सोय, हे सगळं माझ्याकडे. फलकावर 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं नाव, 'संकल्पना' मित्राची आणि माझं नाव आभाराच्या ओळीत. पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मार्चमध्ये पूर्व भागातली, म्हणजे इथल्या विणकरांच्या वस्तीतली, एक मुलगी आली होती. बी.कॉम.ला आहे, घरी तेलुगू बोलतात. चंद्रावरच्या वसाहतीत यंत्रमाग चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट तिने वाचली. नेहमीप्रमाणे सर आधी बोलले. चंद्रावर हवा नाही तर मागाचा खटखटाट ऐकू कसा येतो, असं विचारून हसले आणि पुढे म्हणाले, "आधी मराठी नीट शिका, मग विज्ञानकथेकडे वळा." बाकीचेही हसले. मी गप्प राहिले. ती पुन्हा आली नाही. सर मनाने वाईट नाहीत, मी वाचायला लागले तीच त्यांच्यामुळे. अद्भुतकथा मात्र त्यांना चालत नाहीत, 'भुताखेताचं' म्हणून ते बाजूला ठेवतात. आणि एक सांगायचं राहिलं : कार्यशाळा सुरू झाल्यापासून मी स्वतः एकही गोष्ट लिहिलेली नाही. मी हे सोडून देऊ का?
– एक संयोजिका, सोलापूर

प्रिय संयोजिका,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता सोडू नका. पण जसं चाललंय तसं वर्षभर रेटूही नका. तसं केलंत तर एक दिवस तुम्ही थकून, कोणाशी काही न बोलता बाजूला व्हाल आणि सोलापुरात विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांची एकुलती एक बैठक मोडेल. पुण्या-मुंबईत एक जागा बंद झाली तर माणूस दुसरीकडे जातो. तुमच्याकडच्या मुलामुलींना हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाण्यावाचून दुसरा रस्ता राहणार नाही, आणि ज्यांना ते परवडत नाही ते लिहायचंच सोडतील.

कामाचा भार, फलकावरचं नाव आणि ती मुलगी, असे तीन विषय तुमच्या पत्रात आहेत. तुम्ही भारापासून सुरुवात केलीत, मी मुलीपासून करते. त्या रविवारी काय झालं ते नीट पाहिलं की बाकीचं कुठून येतंय ते कळतं.

सरांचा आक्षेप विज्ञान म्हणून बरोबर आहे. निर्वात जागेत आवाज जात नाही. पण गोष्ट वाचणाऱ्याने त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा होता : माग आहे कुठे? वसाहतीच्या घुमटाच्या आत असेल तर तिथे हवा आहे, माणसं श्वास घेताहेत, आणि मागाचा खटखटाट अशोक चौकाच्या पलीकडच्या कुठल्याही गल्लीत येतो तितकाच ऐकू येईल. मग चूक उरतच नाही, एक वाक्य वाढवायचं राहतं. आणि समजा माग बाहेर उघड्यावर आहे. तरी गोष्ट मेली नाही. आवाज हवेतून जाणार नाही, पण मागाच्या सांगाड्यातून, जमिनीतून, बुटाच्या तळव्यातून कंपनं जातीलच. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चालण्या-फिरण्याची थरथरही त्यात नोंदली गेली होती. म्हणजे त्या दोन बहिणींपैकी एक मागावर हात ठेवून उभी आहे आणि धोटा नीट धावतोय की नाही हे तिला तळहातातून कळतंय, असं लिहिता येतं. आवाजापेक्षा ते कितीतरी चांगलं होईल, कारण ते पृथ्वीवर घडणारच नाही. नुसत्या चुकीवर बोट ठेवून थांबलं की लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हाच आक्षेप पुढे नेला असता तर तिला गोष्टीतला सगळ्यात चांगला प्रसंग मिळाला असता.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या खोलीत चंद्रावरच्या मागाबद्दल सगळ्यात जास्त कोणाला ठाऊक असेल तर त्या मुलीला. पूर्व भागातल्या घरात वाढलेल्या मुलीला हवा कोरडी झाली की सूत तुटायला लागतं हे कोणी शिकवावं लागत नाही. कापसाच्या सुतात नेहमीच्या हवेत साधारण साडेआठ टक्के ओलावा असतो. तो गेला की धागा ठिसूळ होतो, ताणा तुटतो, माग थांबतो. चंद्राच्या वसाहतीत हवेतला ओलावा म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे तिथली सगळ्यात महाग वस्तू. मग कापड विणायला हवेत किती पाणी सोडायचं आणि पिण्याला किती ठेवायचं, यावरून दोन बहिणींत भांडण होऊ शकतं. ज्या शहरात वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलंय, तिथल्या मुलीला हे भांडण कल्पनेने रचावं लागणार नाही. तिने गोष्टीत हे लिहिलं होतं की नाही मला माहीत नाही. पण तिला विचारायला हवं होतं, आणि विचारायची जागा तीच होती. तुमच्या मित्रालाही बोलण्यासारखं खूप होतं. तो रोज जॅकार्डची डिझाइनं करतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा हा माग १८०४ सालचा, आणि पुढे चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणनयंत्रासाठी हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. यंत्रमागावर विज्ञानकथा लिहिणाऱ्या मुलीला हे सांगणारा माणूस खोलीत बसलेला होता आणि त्याची बोलायची पाळी आलीच नाही, कारण सरांनंतर बोलायला काही उरलं नव्हतं.

भाषेचंही तसंच. चंद्रावर सोलापूरचे विणकर गेले तर ते "काय करायलीस गं अक्का" असंच बोलतील. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी एकाच गल्लीत ऐकत वाढलेल्या शहराच्या विज्ञानकथेत पात्रं प्रमाण मराठीत बोलायला लागली तरच ते खोटं वाटेल. निवेदनाच्या भाषेबद्दल मात्र खरा प्रश्न विचारता येतो. सोलापूरबाहेरच्या वाचकाला कुठे अडखळायला होईल? 'या तीन ठिकाणी मला कोण बोलतंय ते कळलं नाही,' असं सांगणं ही मदत आहे. 'मराठी शिका' हे ऐकून कोणाचं एक वाक्यसुद्धा सुधारत नाही.

आता नियमांकडे येते. जगात या प्रकारच्या कार्यशाळा ज्यांनी उभ्या केल्या त्या माणसांनी पहिली काळजी घेतली ती स्वतःला आवर घालण्याची. १९५६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड नावाच्या गावी डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल या तिघांनी विज्ञानकथा लेखकांची बैठक सुरू केली. तिथून जी पद्धत रुजली ती साधी आहे. सगळे गोलात बसतात. गोष्ट आधी वाचून यायची. प्रत्येकाने पाळीने, ठरलेली मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी कोणाला तोडायचं नाही. तोवर लेखक गप्प. सगळ्यांचं झालं की त्याने उत्तर द्यायचं. ब्लिश पुढे इंग्लंडला गेले आणि १९७२ पासून तिथेही मिलफर्ड भरू लागलं. तिथे स्वतःची गोष्ट आणल्याशिवाय गोलात बसता येत नाही. नवा असो की पुस्तकं नावावर असलेला, नियम एकच.

ही पद्धत बघून आलेल्या रॉबिन स्कॉट विल्सन नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९६८ साली पेनसिल्व्हेनियातल्याच क्लॅरियन कॉलेजात नव्या लेखकांसाठी कार्यशाळा काढली. सहा आठवडे चालणारी, दर आठवड्याला नवा लेखक शिकवायला. डेमन नाइट आणि त्यांच्या पत्नी, लेखिका केट विल्हेल्म, तिथे वर्षानुवर्षं शिकवायला जात राहिले. ती कार्यशाळा आज सॅन डिएगोत भरते. आपल्याकडे २००९ साली अनिल मेनन, वंदना सिंग आणि सुचित्रा माथुर यांनी आयआयटी कानपूरमध्ये तीन आठवड्यांची अशी कार्यशाळा घेतली होती. तिथेही घेणारे तिघंच होते, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. तिघंच असले, तरी हे काम नीट होऊ शकतं.

१९७० च्या क्लॅरियनच्या वर्गात ऑक्टेव्हिया बटलर नावाची एक लाजाळू कृष्णवर्णीय मुलगी होती. तिची आई लोकांच्या घरी कामं करायची. बटलरना वाचन-लेखनात डिस्लेक्सियाचा त्रास होता. तिथे असतानाच त्यांच्या गोष्टी स्वीकारल्या गेल्या, आणि त्यानंतर पाच वर्षं एकही गोष्ट विकली गेली नाही. त्या लिहीत राहिल्या. १९९५ साली त्यांना अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कोणाचं काय होणार हे एका रविवारी कुणालाच कळत नाही, तुम्हाला नाही आणि सरांनाही नाही. म्हणून कार्यशाळा घेणाऱ्याने 'हिला जमेल' किंवा 'हिला जमणार नाही' असा निकाल द्यायचाच नसतो. समोरची गोष्ट पुढच्या खर्ड्यात कशी सुधारेल, तेवढंच बोलायचं.

मात्र मिलफर्डची पद्धत जशीच्या तशी उचलू नका, असंही मी सांगेन. लेखकाने पूर्ण गप्प बसायचं या नियमावर अलीकडे बरीच टीका झाली आहे, आणि ती मला पटते. खोलीत सगळे एका प्रकारच्या घरांतले आणि लिहिणारी एकटी वेगळ्या घरातली असली, तर बारा जण मिळून तिच्या गोष्टीबद्दल चुकीचं काहीतरी ठरवून टाकतात आणि तिला तोंड उघडता येत नाही. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० साली एक वेगळी रीत बसवली. आधी बघणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकाराने स्वतः प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, ज्यात मत लपवलेलं नसेल असे. आणि मत द्यायचं ते सगळ्यात शेवटी, 'अमुक गोष्टीबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' असं विचारून. कलाकार नको म्हणू शकतो. तुमच्याकडे दोन्हींची सांगड घाला. गोष्ट देतानाच लेखकाने खाली एक प्रश्न लिहायचा. 'बहिणींचं भांडण खरं वाटतं का?' किंवा 'शेवट आधीच कळतो का?' असा. पाळीने बोलणाऱ्याने त्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायचं, बाकीचं नंतर. माग घुमटाच्या आत की बाहेर, हे तिला त्याच वेळी सांगता आलं असतं.

आता सर. तुम्ही त्यांना घाबरता असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, तुम्हाला त्यांचं मन मोडायचं नाही. म्हणून सगळ्यांसमोर काही बोलू नका. त्यांच्या घरी जा, एकट्या जा. मित्रालाही नेऊ नका. दोघांनी मिळून जाब विचारायला आल्यासारखं होईल. आणि त्या मुलीचं नाव घेऊन सुरुवात करू नका. सुरुवात पाळीपासून करा. आपल्याकडे सभेत अध्यक्ष शेवटी बोलतो. इतरांचं ऐकून, त्यातलं काय पटलं, काय राहिलं, ते सांगणं हे अध्यक्षाचं काम. सरांना तोच मान द्या. "सर, तुम्ही आधी बोललात की आमच्यापैकी कोणाचं तोंड उघडत नाही, तुम्ही शेवटी बोला," एवढं सांगा. हे खरंही आहे आणि त्यांना त्यात उणेपणा वाटणार नाही.

दुसरी विनंती जास्त अवघड आहे. सरांनी स्वतःची गोष्ट आणायची. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की त्यांनी बैठकीत आजवर काही वाचलेलं नसेल. जो स्वतः कधी वाचत नाही त्याला वाचणाऱ्याचे हात थरथरतात ते आठवत नाही. इथे त्यांना जयंत नारळीकरांची हकिकत आठवून द्या, पदार्थविज्ञानाच्या माणसाला ती लागू पडेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी पहिली गोष्ट पाठवली. तेव्हा ते जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ होते, पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. त्यांना परीक्षकाच्या खुर्चीत कुणीही आनंदाने बसवलं असतं. ते अनोळखी स्पर्धकांच्या रांगेत उभे राहिले. सरांना नारळीकरांबद्दल आदर असणार. त्यांनी जे केलं ते थोड्या प्रमाणात आपणही करू या, असं म्हणा. तुमच्या बैठकीत गोष्टींच्या प्रतींवर नाव छापूच नका. चर्चा सुरू होईपर्यंत लेखक कोण ते कळणार नाही असं करा. छोट्या गटात ओळखू येतंच, शैलीवरून म्हणा, विषयावरून म्हणा, तरी पहिलं वाचन नावाशिवाय होतं आणि त्याने फरक पडतो.

सर विज्ञानाच्या चुका शोधतात, त्याचा उपयोग फार मोठा आहे. तो वाया घालवू नका. फक्त तो कागदावर येऊ दे. प्रत्येक गोष्टीवर त्यांनी अर्ध्या पानाची टीप लिहायची : इथे असं होणार नाही, पण असं होऊ शकेल. 'पण'च्या पुढचं लिहिलं नाही तर टीप अर्धवट. असा वाचक मिळावा म्हणून विज्ञानकथा लिहिणारे तरसतात.

अद्भुतकथेबद्दल त्यांच्याशी वाद घालत बसू नका. एवढंच सांगा, की क्लॅरियनच्या नावातच आज विज्ञानकथा आणि अद्भुतकथा दोन्ही शब्द आहेत आणि एकच माणूस दोन्ही लिहितो असं तिथे नेहमी घडतं. अद्भुतकथेलाही कठोर कसोटी लावता येते : या जगाचा नियम काय आणि लेखक तो स्वतः पाळतो का. दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत सोलापुरात लाखो माणसं ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागताना अक्षता टाकायला उभी असतात. ती कथा सगळ्यांना पाठ आहे. त्यातला नियमही कुणाला समजावून द्यावा लागत नाही : योगी संसारात पडणार नाही आणि मुलीची इच्छाही मोडायची नाही, म्हणून लग्न योगदंडाशी. त्या शहरातल्या मुलाने लिहिलेली अद्भुतकथा न वाचता बाजूला ठेवणं बरोबर नाही.

फलकाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते लवकर सुटतं. 'मार्गदर्शक', 'संकल्पना' हे शब्द काढून टाका. तिघांची नावं एका ओळीत, आडनावाच्या वर्णक्रमाने, 'संयोजक' म्हणून. मित्राला ही गोष्ट तुम्ही एकदा मोकळेपणाने सांगितलीत तर तो नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं. बऱ्याचदा अशा माणसाला आपण काही घेतोय हेच कळलेलं नसतं.

कामाचं मात्र फक्त तिघांत वाटप करून भागणार नाही. येणाऱ्या सगळ्यांत वाटा. एका महिन्याला एकाने खोली उघडायची आणि बंद करायची, दुसऱ्याने घड्याळ सांभाळायचं आणि पाळी पुढे न्यायची, तिसऱ्याने गोष्टी गोळा करून आठ दिवस आधी सगळ्यांच्या फोनवर पाठवायच्या. झेरॉक्स बंद करा, ज्याला कागदावर हवी त्याने आपली काढावी. घड्याळ सांभाळणारा दर वेळी वेगळा हवा, आणि ते काम नव्यातल्या नव्यालाही मिळालं पाहिजे. एकोणीस वर्षांच्या मुलाने "सर, तुमची मिनिटं संपली" असं म्हटलं आणि सर थांबले, की त्या खोलीतलं वातावरण त्याच दिवशी बदलतं. पाहुणे वर्षातून दोनदा बोलवा. पुण्याहून कोणी येणार म्हटलं की महिनाभर तुमचा जीव गाडी, जेवण, शाल-श्रीफळ यातच जातो आणि ते दोन तास बोलून गेल्यावर कोणाच्याही गोष्टीचं पान पुढे सरकलेलं नसतं. क्लॅरियनला पाहुणे लेखक शिकवतात हे खरं, पण ते आठवडाभर राहतात आणि सगळ्यांच्या गोष्टी वाचतात. तुमच्या पाहुण्याला बोलावण्याआधी हेच विचारा : तुम्ही चार गोष्टी वाचून याल का? हो म्हणणाऱ्यालाच बोलवा. आणि उन्हाळ्यात बैठक सकाळी आठला ठेवा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी वरच्या मजल्यावर बसून कोणीही दुसऱ्याच्या गोष्टीवर दयाळूपणे बोलू शकत नाही.

आता तुमच्या लिहिण्याचं. पत्रात तुम्ही ते 'सांगायचं राहिलं' म्हणून शेवटी टाकलंत. माझ्या मते ते पहिल्या ओळीत हवं होतं. व्हॉन्डा मॅकिन्टायर या लेखिकेने १९७० साली क्लॅरियन केलं, ऑक्टेव्हिया बटलर होत्या त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी सिएटलमध्ये क्लॅरियनच्याच धर्तीवर क्लॅरियन वेस्ट ही कार्यशाळा सुरू केली. तीन वर्षं चालवली आणि ती थांबली. १९८४ साली दुसऱ्या लोकांनी ती पुन्हा सुरू केली आणि ती आजही चालू आहे. मधल्या काळात मॅकिन्टायर लिहीत होत्या, नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार त्यांना त्या वर्षांत मिळाले. कार्यशाळा थांबली म्हणून त्यांनी काही गमावलं असं मला दिसत नाही, आणि कार्यशाळेनेही फार गमावलं नाही. लिहिणं थांबलं असतं तर मात्र लेखिका म्हणून त्या संपल्याच असत्या.

म्हणून तुमच्यासाठी माझी एक अट आहे. पुढच्या तीन बैठकांपैकी एकीत तुमची गोष्ट असली पाहिजे. अर्धवट चालेल, चार पानं चालतील. त्या दिवशी तुमच्याकडे कुठलंही काम नको, चहाचंही नाही. तुम्ही प्रत घेऊन गोलात बसायचं आणि ऐकायचं. जी माणसं तुमच्याकडे 'ताई, खोलीची चावी कुठे आहे' एवढ्यासाठीच बघतात, त्यांनी तुमची वाक्यं वाचलेली असली पाहिजेत. तुम्ही लिहिणाऱ्या आहात हे त्यांना माहीत नसेल, तर तुमच्यावर कामं टाकताना त्यांना काही वाटणार कसं?

त्या मुलीला निरोप द्या, पण बैठकीला ये म्हणून लगेच बोलावू नका. अपमान झालेल्या जागी परत जायला सांगण्याआधी ती जागा बदललेली असली पाहिजे. आधी एवढंच कळवा : 'त्या दिवशी तुझ्या गोष्टीला न्याय मिळाला नाही आणि मी बोलायला हवं होतं. मला ती पुन्हा वाचायची आहे. तुझा माग घुमटाच्या आत आहे की बाहेर?' फोनवर नको, लिहून. उत्तर द्यायचं की नाही ते ती ठरवेल. तिने नाही दिलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. सरांनी स्वतःहून तिच्याशी बोलायचं म्हटलं तर उत्तम, पण ते तुम्ही त्यांच्याकडून वदवून घेऊ नका. जबरदस्तीने मागितलेली माफी ऐकणाऱ्यालाच अवघडून टाकते.

राहिला शेवटचा प्रसंग, सरांनी सगळ्यालाच नकार दिला तर. शेवटी बोलणार नाही, गोष्ट आणणार नाही, टीपही लिहिणार नाही, असं ते म्हणू शकतात. वयाने आणि मानाने मोठी माणसं असं म्हणतात. तेव्हा तुम्ही वेगळी बैठक सुरू करा, आणि ती चोरून नको. सरांना आधी सांगा, की तुमची व्याख्यानं आम्हाला हवी आहेत, विज्ञानावर वर्षातून चार वेळा बोला, मी स्वतः पहिल्या रांगेत बसेन, पण गोष्टी वाचायची बैठक या नियमांनी होणार. जुन्या बैठकीतल्या सगळ्यांना एकच निरोप एकाच दिवशी पाठवा, त्यात कोणाबद्दलही तक्रार नको, फक्त नवे नियम, दिवस आणि जागा. जागा मिळेपर्यंत तुमच्या शाळेचा वर्ग रविवारी सकाळी मिळतो का ते मुख्याध्यापकांना विचारा. सहा-सात जण आले तरी पुरेत. एका रविवारी दोन गोष्टींपेक्षा जास्त नीट वाचून होत नाहीत.